चौथा रकाना

मला त्यांचा हेवा वाटत असे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी त्यांच्याबद्दल जे बरं लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की मी त्यांचा चाहता होतो. चाहता मी नव्हतो. बारा वर्षं मी त्या माणसाच्या चुका शोधत होतो, आणि एखादी सापडली की चार जणांना सांगितल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे.

मालवणजवळच्या कट्टा गावात एसटी थांब्यासमोर त्यांचा टेलिफोनचा बूथ होता. मुंबईच्या तार कार्यालयात त्यांनी उभी नोकरी काढली. थोडी वर्षं शिल्लक असताना निवृत्ती घेऊन ते गावी आले आणि हा बूथ टाकला. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, दोन्ही निळी. दुसरं कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, पहिलं कोणीतरी मागून नेतं म्हणून.

बूथचं छप्पर कौलारू होतं आणि त्यातलं एक कौल नेमकं त्यांच्या खुर्चीवर गळायचं. खुर्ची हलवायची नाही, कारण फोनची वायर तिथवरच पोचत होती. कौल बदलायचं नाही, कारण वर चढणारा माणूस दोन कौलं फोडून एक बदलतो असं त्यांचं म्हणणं. म्हणून पावसाळाभर ते बूथमध्ये रेनकोट घालून बसत, टोपीसकट. गिऱ्हाईक आत यायचं, छत्री मिटायचं, आणि समोर रेनकोटातला माणूस बघून वर बघायला लागायचं. पुढे संगणक आला तेव्हा त्यावर बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी आणि तिच्यावर प्लास्टिक असा दुहेरी बंदोबस्त झाला. संगणक कधी भिजला नाही. मास्तरांना मात्र दर श्रावणात सर्दी.

बोलण्याचा त्यांना कंटाळा नव्हता, लांबण लावण्याचा होता. कोणी काही सांगायला लागलं की हात वर करून म्हणायचे, "धा शब्दात सांग." लोक हसत, पण खरंच बोटं मोजून सांगत. सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुका कोणी सांगल्यान?" ते ठाऊक नसेल तर मास्तर ती गोष्ट ऐकलीच नाही असं धरत. याचं मूळ तारेच्या फॉर्मात होतं. त्या फॉर्मावर खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागे. ते तारेतून जात नसे, पण लिहिल्याशिवाय खिडकीवरचा कारकून फॉर्म घेत नसे. मास्तर कितीतरी वर्षं त्या खिडकीमागे बसले होते. "मयताची तार आसली तरी परत दिलंय मी," ते सांगायचे. "नाव नाय तर तार नाय."

हा माणूस १९९८ साली माझा विद्यार्थी झाला. माझ्या हेव्याची मुळी तिथेच आहे.

मी कोल्हापूरला संगणकाची पदविका करून परत आलो होतो आणि मालवणच्या भरड भागात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर क्लास काढला होता. पंचवीस वर्षांचा होतो, इस्त्रीचे कपडे घालत होतो, आणि क्लासमध्येच काय, बाजारातही प्रमाण मराठी बोलत होतो. दांडी किनाऱ्यावरच्या तांडेलाचा मुलगा, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याचा मुलगा, संगणक शिकवतो याचं गावाला कौतुक होतं आणि मला त्या कौतुकाची चटक लागली होती. मास्तर कट्ट्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने येत आणि अकरावीतल्या मुलींच्या मधे डबा मांडीवर घेऊन बसत. मुली त्यांना काका म्हणत. ते मला सर म्हणत. पण मालवणीतलं एकेरी काही सोडत नसत: "सर, तुका ह्या ठावक आसा?" मला वाटायचं ही थट्टा आहे. क्लास संपल्यावरही त्यांनी मला कायम सरच म्हटलं, भर बाजारात, माझ्या वडिलांसमोरसुद्धा, आणि प्रत्येक वेळी मी चेहऱ्यावर हसू शोधत राहिलो. ते कधी दिसलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मी वेबपान कसं करायचं ते दाखवलं. नमुना म्हणून एका घरगुती खानावळीचं पान केलं होतं. त्यात एक निळा मासा डावीकडून उजवीकडे पोहत जायचा. फोनच्या लाईनवरचं इंटरनेट ते, मासा यायला दोन-तीन मिनिटं लागायची. मुली टाळ्या वाजवायला तयार होत्या. मास्तरांनी घड्याळ बघितलं. "सर, हो मासो येयसर माझो भात थंड होतलो." मग त्यांनी विचारलं, उद्या खानावळीचं जेवण बदललं तर हे पान कोणी बदलायचं. मी म्हटलं, मी. परवा परत बदललं तर? मी म्हटलं, मला फोन करायचा. त्यांनी डबा उघडला. मला वाटलं समाधान झालं. वास्तविक त्या दिवशी त्यांनी मला ओलांडलं होतं.

त्यांनी मुंबईच्या भाच्याकडून एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि रेनकोटात बसून ते वाचलं. डेटाबेस हे इंजिनिअर लोकांचं काम आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं. हेही सांगतो की मला स्वतःला ते तेव्हा येत नव्हतं. दोनेक वर्षांत त्यांनी आपली स्वतःची यंत्रणा उभी केली. मजकूर एका बाजूला साठवायचा, पानाचा साचा दुसऱ्या बाजूला ठेवायचा, आणि मजकूर घालायला एक साधा फॉर्म द्यायचा, म्हणजे संगणक न शिकलेला माणूसही पान बदलू शकतो. याला पुढे सगळं जग सीएमएस म्हणायला लागलं. मास्तर त्याला फॉर्म म्हणायचे.

फॉर्मात चार रकाने होते: मथळा, मजकूर, तारीख, सांगणारा. चौथा रकाना रिकामा ठेवला तर यंत्रणा नोंद घेत नसे, आणि पडद्यावर ओळ उमटे: नाव नाय तर तार नाय. दुसरी गंमत म्हणजे तिच्यात खोडायची सोयच नव्हती. काही चुकलं तर मूळ ओळ तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्ती घालायची, दुरुस्ती सांगणाऱ्याच्या नावासकट. मी हसलो तेव्हा म्हणाले, "गेलेली तार परत बोलावता येता काय?"

किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांचं आणि घरात पाहुणे ठेवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचं संकेतस्थळ मास्तरांनी या यंत्रणेवर चालवायला घेतलं. पांढरं पान, काळी अक्षरं, एकही चित्र नाही. सुरमई आज कुठे उतरली, कुठल्या रस्त्यावर झाड पडलंय, कुणकेश्वरच्या यात्रेला जादा गाड्या कुठून सुटतात, कोणाच्या घरी खोली रिकामी आहे. लोक बूथवर फोन करत. मास्तर रिसीव्हर खांद्यात धरून दोन बोटांनी टंकत, तारेच्या यंत्रावर बसल्यासारखे, थांबून थांबून. "धामापूर तळ्याकाठची वाट निसरडी. चप्पल हातात घ्यावी. सांगणारी: शेवंती, देवळाबाहेर फुलं विकते." एवढंच. पण पुण्याहून आलेले पाहुणे देवळाबाहेर उतरून विचारत, शेवंती कोण? मी केलेल्या रंगीत पानांबद्दल मला असं कोणी कधी विचारलं नाही.

माझ्या पानांवर तेव्हा वर पाटी असायची, मराठी दिसत नसेल तर आधी हा फॉन्ट उतरवून घ्या. उतरवून कोण घेणार? लोकांना चौकोन दिसायचे. मास्तरांनी सुरुवातीलाच युनिकोड धरला. मी चार जणांत म्हणालो की म्हाताऱ्याला कळत नाही, हे कोणाच्याच संगणकावर दिसणार नाही. दोन-तीन वर्षांत सगळ्यांच्या संगणकांवर ते दिसायला लागलं, आणि शोधलं की मास्तरांची पानं वर यायची, माझी कुठेच नाही. मी माझी पानं गुपचूप बदलून घेतली. मास्तर बरोबर होते असं कबूल करायला मला तेव्हा लाज वाटायची. आता न केल्याची वाटते.

तरी हा सगळा धंद्यातला हेवा झाला. तो मी पचवला असता. बाबांचं मात्र मला पचलं नाही.

माझे वडील समुद्रावर जायचे थांबले ते गुडघ्यामुळे. कट्ट्याला एक वैद्य तेल देत असे, म्हणून बाबा दर गुरुवारी एसटीने कट्ट्याला जाऊ लागले. काही महिन्यांनी आई म्हणाली, "बाटली भरलेली आसा आणि हे परत चलले कट्ट्याक." मी लक्ष दिलं नाही. बाबा अबोल माणूस. घरात त्यांची दिवसाला वीस वाक्यं होत असतील, त्यातली निम्मी मांजराशी.

एके दिवशी मी मास्तरांच्या संकेतस्थळावर काहीतरी चूक सापडते का ते बघत होतो. 'खडक' असा शब्द शोधला, आणि एकामागून एक नोंदी यायला लागल्या. पाण्याखालचे खडक, जाळं अडकणाऱ्या जागा. त्या किनाऱ्यावरून ओळखायच्या खुणांनी सांगितलेल्या होत्या. होडीतून बघताना किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की समजायचं आपण अमक्या जागी आहोत. "बंदराचा दिवा, टेकडीवरचा वड एका रेषेत. खाली खडक. जाळं नको." मोजले तर दहा शब्द. आणि खाली चौथ्या रकान्यात माझ्या वडिलांचं पूर्ण नाव, पुढे तांडेल, दांडी. अशा एकेचाळीस नोंदी होत्या.

आमच्यात तांडेल आपल्या खुणा मुलाला सांगतो. कागदावर लिहीत नाहीत, परक्याला सांगत नाहीत. होडीत मुलाला पुढे बसवायचं, खांदा धरून वळवायचं आणि म्हणायचं, बघ. मी पंधरा वर्षांचा असताना बाबांनी मला असं दोनदा नेलं. दोन्ही वेळा माझ्या मांडीवर दहावीचं पुस्तक होतं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, वर बघ, आणि मी म्हणालो, बाबा, उद्या. ते परत कधी म्हणाले नाहीत. म्हणजे परकेपणा मीच निवडला होता. तरीही त्या पडद्यासमोर बसून मला असं वाटलं की माझ्या घरात शिरून कोणीतरी माझी वस्तू नेली. एकेचाळीस गुरुवार माझा बाप त्या रेनकोटवाल्या माणसाशी बोलत बसला होता, आणि मी रात्री जेवताना त्यांच्या शेजारी बसून मोबाईल बघत होतो.

मी बाबांना काही बोललो नाही. मास्तरांना बोललो, आडून. म्हटलं, मच्छीमारांची गुपितं अशी जगासमोर टाकणं बरं नव्हे. मास्तर म्हणाले की मासे गावतात त्या जागा तांडेलाने सांगितल्या नाहीत आणि त्यांनी विचारल्या नाहीत. हे फक्त जाळी फाटतात ते खडक. मग म्हणाले, "त्यो म्हणालो, माझो झील होडयेर नाय, पण कोणाचो तरी झील आसतलो." झील म्हणजे मुलगा.

२००६ साली मला संधी मिळाली. तोवर तयार सीएमएस फुकट मिळू लागले होते. दर वर्षी एक नवीन गाजायचा आणि आम्ही क्लासवाले त्याच्यामागे धावायचो. साचा निवडायचा, दोन बटणं दाबायची, की संकेतस्थळ उभं. मी मंडळाच्या सभेत असं एक उभं करून दाखवलं. वर सरकणारे फोटो, बाजूला किती पाहुणे आले त्याचा आकडा, खाली अभिप्रायाची चौकट. अध्यक्षांच्या घराचा फोटो मुद्दाम पहिला ठेवला होता. मास्तरांनी सभेत प्रमाण मराठीत दोनच वाक्यं सांगितली: आताचं चालू आहे, आणि ज्याला ते बदलायचं त्याने काय बंद पडलंय ते सांगावं. काहीच बंद पडलेलं नव्हतं. पण फोटो सरकत होते. ठराव माझ्या बाजूने झाला.

दोन दिवसांनी मास्तर स्वतः माडीवर आले. सगळ्या नोंदींची सीडी आणली होती आणि सोबत एका कागदावर चार रकान्यांची नावं निळ्या पेनने लिहिलेली. चौथ्याखाली दोन रेघा. म्हणाले, "सर, चवथो रकानो सोडू नको."

नव्या यंत्रणेत मथळ्याला जागा होती, मजकुराला होती, तारखेला होती. सांगणाऱ्यासाठी तयार जागा नव्हती. करता आली असती. जास्तीचा एक रकाना जोडायचा, साच्यात एक ओळ वाढवायची. अर्ध्या दिवसाचं काम, आणि कसं करायचं ते मला येत होतं. मी सीडी हातात धरून बसलो होतो. त्या एकेचाळीस नोंदी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी म्हणालो, "नव्या यंत्रणेत तशी सोय नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सोय नाय, की करूची नाय?"

"सोय नाही."

"बरा," म्हणाले, खिशातलं दुसरं पेन काढून वहीत काहीतरी लिहिलं, आणि कट्ट्याच्या गाडीला गेले. मी जिंकलो असं समजून खाली जाऊन सोडा प्यायलो. त्या सोड्याची चव अजून आठवते, चांगली होती.

नवं संकेतस्थळ सुरू झालं. हजारभर नोंदी एका संध्याकाळी आत गेल्या. चौथा रकाना गळाल्यावर यंत्रणेने आपल्या पद्धतीने प्रत्येक नोंदीखाली नोंद आत टाकणाऱ्याचं नाव घातलं: लेखक, ॲडमिन. म्हणजे मी. शेवंतीच्या निसरड्या वाटेखाली ॲडमिन, सुरमईच्या भावाखाली ॲडमिन, बाबांच्या खडकांखाली ॲडमिन. तेही बदलता आलं असतं. मी बदललं नाही. आणि खरं सांगायचं तर ती ओळ बघून मला बरं वाटलं.

मंडळाने काही पानांच्या छापील प्रती बंदरांवर, मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये लावल्या. पहिल्यांदा लोक हसले. ॲडमिन हे नाव आहे की आडनाव यावर पैजा लागल्या. मग त्यांनी वाचणं सोडलं. पुढच्या हंगामात कुणकेश्वरकडची एक होडी माशामागून खाली मालवणच्या पाण्यात आली. त्या तांडेलाने शेडमधला कागद बघितला होता, बंदराचा दिवा आणि टेकडीवरचा वड. आणि तरी त्याने तिथेच जाळं टाकलं. जाळं फाटलं, आणि ओढताना दोरात सापडून त्याच्या एका खलाशाचं मनगट मोडलं. लिलावाच्या शेडमध्ये तो माझ्या वडिलांना भेटला. मी चार पावलांवर उभा होतो. म्हणाला, "तांडेलानू, ती खूण तुमची ता आता कळला. तुमचा नाव आसता तर जाळा टाकतंय कित्याक? ह्यो ॲडमिन खंयच्या वाडीतलो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या खलाशाच्या हाताची चौकशी केली.

त्या दिवशी दुपारी जेवताना बांगड्याचा काटा काढता काढता त्यांनी विचारलं, "थय नाव घालूची सोय नाय म्हणतत, ता खरा?"

मी ताटातून मान वर केली नाही. "हो बाबा. त्या यंत्रणेत नाही."

"बरा," म्हणाले. तोच शब्द. आणि गुरुवारी तेल आणायला कट्ट्याला गेले.

मास्तर माझ्याशी वागायचे तसेच वागत राहिले, आणि त्याचाही मला राग यायचा. चिडले असते तर मला बरं पडलं असतं. बूथमध्ये त्यांची जुनी यंत्रणा त्यांच्याच संगणकावर चालू होती. तिला आता बाहेरचं कोणी बघत नव्हतं. लोक मात्र फोन करतच होते, आणि ते नोंदी घालतच होते. अधूनमधून मला फोन करून सांगायचे की अमक्या पानावर गाडीची वेळ चुकली आहे, सर, बदल. मी बदलायचो. माझ्या अभिप्रायाच्या चौकटीत तोवर परदेशातल्या कसल्या कसल्या गोळ्यांच्या जाहिराती साचायला लागल्या होत्या. रोज सकाळी त्या पुसणं हे माझं काम झालं होतं.

बाबा २००९ च्या पावसाळ्यानंतर गेले. मास्तर आले होते. कोपऱ्यात बसले. जाताना आईला एवढंच म्हणाले की गुरुवार आता मोठा होईल.

पुढच्या वर्षी मी घेतलेला सीएमएस जुना झाला. त्याला पुढची आवृत्ती मिळेना, साचे चालेनात, आणि मंडळ नव्या फॅशनचं काहीतरी मागू लागलं. परत सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं होतं. त्यासाठी मी टेबलाचा खण उपसला तर तळाशी ती सीडी आणि निळ्या पेनचा कागद मिळाला. चौथ्या रकान्याखालच्या दोन रेघा. मी सीडी लावली आणि बाबांचं नाव शोधलं. मग कामाला बसलो आणि घड्याळ लावलं. सगळी नावं आपापल्या नोंदींखाली परत यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. चार वर्षं मी तेवढं काम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्याला गेलो. खोटं कशाला सांगू, मनात होतं की मास्तर शाबास म्हणतील आणि मोठी गोष्ट न बोलता मिटेल. पाऊस होता. ते रेनकोटात बसले होते, टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. मी सांगितलं की नावं परत घातली, सगळी. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरा झाला. पण सर, तिया माका सांगलेला तसाच आसा मां."

मला कळलं नाही. त्यांनी लुगडं बाजूला सारलं, जुनी यंत्रणा उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला. २००६ ची नोंद होती. मजकूर: नव्या यंत्रणेत नावाची सोय नाही. सांगणारा: माझं नाव, क्लास, भरड. त्यांनी वहीतलं त्या दिवशीच आत घातलं होतं. आणि तिच्याखाली, लिलावाच्या शेडमधल्या त्या दिवसानंतरच्या गुरुवारची, एक दुरुस्ती होती.

"सोय आसतली. झीलान करूक नाय. रागावू नको. दुरुस्ती तोच सांगतलो." आणि चौथ्या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव, पुढे तांडेल, दांडी.

मी ते किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. आणि एवढं सगळं कबूल करतोय तर हेही करतो: मला त्या क्षणीसुद्धा आधी हेवाच वाटला. हे दहा शब्द बाबा माझ्याशी बोलले नव्हते, याच्याशी बोलले होते. मग हळूहळू लक्षात आलं की ते मीच ऐकावेत म्हणून तिथे ठेवलेले होते, आणि हा माणूस तीन वर्षं त्यांच्यावर लुगडं पांघरून बसला होता. मी येईपर्यंत त्याने मला बोलावलं नव्हतं.

मी म्हणालो, मास्तर, असं झालं की त्या वेळी, आणि पुढे लांबलचक सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

"धा शब्दात."

क्लास काढल्यापासून मी त्यांच्याशी कधी मालवणी बोललो नव्हतो. मला बोटं मोजावी लागली.

"सोय होती. मी करूक नाय. हेवो वाटलो. बाबांचा नाव काढलंय."

त्यांनी दोन बोटांनी ते टंकलं, थांबून थांबून, बाबांच्या ओळीखाली. तारीख घातली. मग चौथ्या रकान्यापाशी येऊन थांबले आणि माझ्याकडे वळले. बारा वर्षं ओळखत होते मला.

"नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. आमच्यात पूर्ण नाव सांगताना मधे वडिलांचं येतं. तिथे मी थोडा थांबलो, आणि मास्तर बोट वर धरून वाट बघत राहिले.